एकोणीस सोझोस आणि एक वही

अनेमुसा बेटाच्या धक्क्यावर उभं राहून कुणी "सोझोस काराव्हेलास!" अशी हाक मारली, तर एकोणीस माणसं वळून बघतात, आणि त्यातल्या निदान सहा जणांचे चेहरे चोरी पकडल्यासारखे होतात. बेटाचा संत सोझोन, म्हणून मुलगे सोझोस. संतीण पेलागिया, म्हणून मुली पेलागिया. वर पुन्हा पहिल्या नातवाला बापाच्या बापाचं नाव द्यायचं ही रीत. आजोबांना चार मुलगे असले की चार घरांत चार नातू, नाव तेच आणि आडनावही तेच. आडनावं तर अख्ख्या बेटावर तीन आहेत, आणि तिसऱ्याची माणसं फारशी कुणाला आवडत नाहीत.

त्या एकोणिसांतल्या दोघांशी आपल्याला काम आहे. एक सामानवाला सोझोस. बेटाच्या चिमुकल्या विमानतळावर पस्तीस वर्षं बॅगा चढवणारा आणि उतरवणारा, बुटका, रुंद, मिशा अशा की बोलताना ओठ दिसू नयेत. दुसरा कॉफीवाला सोझोस, धक्क्यावरच्या कॉफीच्या दुकानाचा मालक, उंच, काटकुळा, कायम कुणीतरी फसवल्यासारखा चेहरा. दोघे सख्खे चुलत भाऊ, एकाच आजोबांच्या नावाचे. सामानवाला अकरा दिवसांनी मोठा, आणि ही गोष्ट तो आठवड्यातून एकदा तरी ऐकवायचा.

पूर्वी बेटावर लोकांना टोपणनावांनी ओळखत. तुटक्या सोझोस, शिंक्या सोझोस, बकरीच्या लग्नाला गेलेला सोझोस. ही नावं बापाकडून मुलाकडे जायची. बिचारा नातू कधी शिंकला नसला तरी शिंक्याच. पण तेवढ्याने भागत नव्हतं. एकदा अथेन्सच्या डॉक्टरांचं पत्र विमानाने आलं, पाकिटावर नुसतं 'सोझोस काराव्हेलास, अनेमुसा'. आत लिहिलं होतं, यकृत बिघडलंय, दारूचा थेंबही नको. ते पत्र सात घरं फिरलं. तिघा धडधाकट सोझोसांची पाचावर धारण बसली आणि त्यांनी महिनाभर वाईनला हात लावला नाही. ज्याचं यकृत होतं तो प्रत्येक लग्नात नाचत होता. शेवटी तो पिवळा पडला तेव्हा कुठे उलगडा झाला. सुदैवाने वाचला.

त्या प्रकरणानंतर सामानवाल्याने वही काढली.

त्याचं असं होतं की त्याने जग पाहिलेलं नव्हतं. अथेन्सजवळच्या पिरेअस बंदरापलीकडे तो कधी गेलाच नाही. पण जग रोज त्याच्या हातात यायचं, बॅगेच्या कडीला बांधलेल्या चिठ्ठीवरून. प्रत्येक चिठ्ठीवर तीन मोठी अक्षरं. कुठल्याही भाषेचा हमाल ती वाचू शकतो, आणि ती तीन अक्षरं जगात दुसऱ्या कुठल्या विमानतळाला मिळत नाहीत. सामानवाल्याला ही व्यवस्था इतकी आवडली की तो चिठ्ठ्या घरी नेऊन भिंतीला चिकटवायचा. अथेन्स ए-टी-एच, सरळ माणूस. शिकागो ओ-आर-डी, कारण त्या जागेच्या जुन्या नावात 'ऑर्चर्ड', म्हणजे फळबाग होती. फळबाग गेली, अक्षरं उरली. एकदा एका बॅगेवर बी-ओ-एम होतं. बॅगेच्या मालकाने सांगितलं की त्या शहराचं नाव बदलून कितीतरी वर्षं झाली. सामानवाला खूश झाला. म्हणाला, "शहराला हवं ते नाव घेऊ दे. बॅगेला ओळखीचं नाव लागतं."

आणि अनेमुसाचा कोड? जे-क्यू-वाय. यातलं एकही अक्षर बेटाच्या नावात नाही. बेटावरच्या लोकांनी यावरून बरीच वर्षं रागराग केला. सामानवाला समजवायचा, "अरे बाबांनो, चांगली अक्षरं मोठ्यांनी आधीच उचलली. रांगेत उशिरा आलं की उरलेलं घ्यायचं. आपल्याला निदान मिळालं तरी."

तोच नियम त्याने माणसांना लावला. एका रविवारी चर्च सुटल्यावर कॉफीच्या दुकानात वही उघडून बसला. जो आधी येईल त्याला चांगली अक्षरं. एक कोड एकाच माणसाला. लग्न झालं, नोकरी बदलली, टक्कल पडलं, तरी कोड बदलायचा नाही. माणूस वारला की त्याचा कोड सात वर्षं विश्रांती घेणार, मग प्रतीक्षायादीतल्या पहिल्याला मिळणार. त्याने सगळ्यात आधी स्वतःला लिहून टाकलं. एस-ओ-झेड. दुसऱ्या ओळीत बायकोला, पेलागियाला. पी-ई-एल. बेटावर त्या वेळी बावीस पेलागिया होत्या, आणि त्यांनी हे त्याला कधीही विसरू दिलं नाही.

कॉफीवाला त्या दिवशी मासळीवाल्याशी घासाघीस करत उभा होता. दुकान त्याचं, वही त्याच्याच टेबलावर, आणि तो पोचला तेव्हा एसने सुरू होणारे ऐकायला बरे कोड सगळे संपलेले.

"सोझ्या, मला काय ठेवलंयस?"

"के-क्यू-एस."

"ही काय माझी अक्षरं आहेत? हा तर खोकल्याचा आवाज आहे!"

"तू अकरा मिनिटं उशिरा आलास. अकरा दिवस उशिरा जन्मलास तसाच."

कॉफीवाल्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण त्याने एक काम केलं. एस-ओ-झेडच्या प्रतीक्षायादीत पहिलं नाव स्वतःचं लिहायला लावलं. त्याला बावीस वर्षं झाली. तेव्हापासून सामानवाला दुकानात शिरला की तो आपुलकीने विचारायचा, "काय सोझ्या, छातीत कळ वगैरे येते का रे? जिना चढताना? थोडीसुद्धा नाही?"

कोड मात्र बेटाला लागू पडले. कॉफीच्या दुकानात तर त्यांच्यावाचून पानच हलेना. कॉफीवाला कप भरून ओरडायचा, "एस-एच-वाय, गोड! एस-डब्ल्यू-ओ, मध्यम!" आणि ज्याचा कोड तो उठून कप घेऊन जायचा. अपमान नाही, शिंक्या नाही, बकरी नाही. सकाळी पेलागिया पनीरच्या पुऱ्या द्यायला यायची, तेव्हा आरोळी व्हायची, "पी-ई-एल, बिनसाखरेची!" ती उभ्या उभ्या दोन घोटांत कडू कॉफी संपवायची, आणि नवऱ्याच्या कपात साखर किती आहे ते बघून नाक मुरडायची.

ती वारली त्याला नऊ वर्षं झाली. नियमाप्रमाणे पी-ई-एल दोन वर्षांपूर्वीच मोकळा व्हायला हवा होता. यादीत आठ पेलागिया ताटकळत होत्या. पण वहीत त्या ओळीसमोर सामानवाल्याने पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं, 'दुरुस्तीसाठी बंद'. त्याच्या पाठीमागे बायका म्हणायच्या, "दुरुस्ती कसली डोंबलाची?" त्याच्या तोंडावर कुणी काही बोललं नाही. कॉफीवालासुद्धा नाही, आणि तो तर कशावरही बोलायचा.

ऑगस्टमध्ये पात्रा शहरातून मुलीचा फोन आला. मुलगी अर्गिरो, जावई पेरिक्लिस. तिचा थोरला मुलगा रीतीप्रमाणे तिच्या सासऱ्याच्या नावाचा. आता धाकटा दहा महिन्यांचा झाला होता, त्याचा बाप्तिस्मा सात सप्टेंबरला, संत सोझोनच्या दिवशी, अनेमुसावरच व्हायचा होता. दुसरा नातू म्हणजे आईच्या बापाच्या नावाचा, हे ठरलेलंच. सामानवाला गेले दहा महिने हवेत होता. प्रत्येक बॅगेला सांगायचा, "माझ्या नावाचा येतोय."

"बाबा," अर्गिरो म्हणाली, "त्याला कोड कुठला मिळणार?"

सामानवाल्याने वही उघडली. पानं उलटली. पुन्हा पहिल्या पानावर आला.

"बघतो ना. आहेत की बरेच."

"वाचून दाखवा."

"एक्स-क्यू-डब्ल्यू आहे. छान आहे, जरा वेगळा."

"बाबा!"

"डब्ल्यू-एक्स-झेड?"

"हे बघा. पेरिक्लिस पहिल्यापासून म्हणतोय, तिथे आधीच एकोणीस सोझोस आहेत, विसावा कशाला? मी त्याच्याशी भांडले तुमच्यासाठी. पण माझं पोरगं उन्हाळ्यात तिथे येणार आणि सगळे त्याला एक्स-क्यू-डब्ल्यू म्हणून हाका मारणार? त्यापेक्षा मी यासोन नाव ठेवते. त्याच्या धर्ममातेला आवडतंय. यासोनला कोडच लागत नाही, बेटावर एकही नाही."

"यासोन?" सामानवाला म्हणाला. "अर्गिरो, तुझ्या आईने मला शब्द दिला होता की एक तरी..."

"मला ठाऊक आहे, बाबा. म्हणून तर विचारतेय. नीट कोड द्या, मी सोझोस ठेवते."

फोन ठेवल्यावर तो बराच वेळ भिंतीवरच्या चिठ्ठ्यांकडे बघत बसला. चांगला म्हणावा असा एकच कोड होता आणि तो त्याच्याच अंगावर होता. तो सोडायचा तर मरायला हवं. मेला तरी सात वर्षं थांबावं लागणार, आणि त्यानंतर तो जाणार कॉफीवाल्याला. नियम स्वतःच केलेले, त्यामुळे शिव्याही कुणाला देता येईनात.

चार दिवस त्याने बॅगा चुकीच्या गाडीवर ठेवल्या. पाचव्या दिवशी एका म्हाताऱ्या प्रवाशाची जुनी पेटी आली. तिच्या कडीला कधीकाळची ए-टी-एचची चिठ्ठी अजून लटकत होती, आणि शेजारी आजची, तीही ए-टी-एच. सामानवाला पेटी हातात धरून धावपट्टीच्या कडेला उभाच राहिला. वैमानिकाने खिडकीतून ओरडून विचारलं, "चढवतोयस की लग्न लावतोयस तिच्याशी?"

त्या संध्याकाळी कॉफीच्या दुकानात तो टेबलावर चढला.

"मंडळी, एस-ओ-झेड मी माझ्या नातवाच्या नावावर करतोय."

कॉफीवाल्याच्या हातातून चमचा पडला. "कर ना! आधी मर, मग सात वर्षांनी माझ्याकडे ये विचारायला! यादीत पहिला मी आहे. बावीस वर्षं! बावीस वर्षं मी तुझ्या तब्येतीची चौकशी करतोय!"

"ऐकून तर घे. अथेन्सचा जुना विमानतळ आठवतोय? समुद्राकाठचा?"

"त्याचं काय?"

"त्याचा कोड ए-टी-एच. मग नवा बांधला, डोंगरापलीकडे. एका रात्रीत जुना बंद झाला, नवा सुरू झाला, आणि ए-टी-एच नव्याला मिळाला. यादीत कुणाला विचारलं? कुणाला नाही. जुन्याने नव्याला दिला, घरातल्या घरात."

दुकानात कुजबुज झाली. शिंक्याचा नातू म्हणाला, "हे मात्र खरं आहे." तोही सोझोसच.

कॉफीवाला इतक्या सहज हटणारा नव्हता. "कोड जमिनीचा असतो. जमीन कशी उठून जाईल?"

"जमिनीचा कोड वेगळा," सामानवाला म्हणाला, आणि त्याच्या मिशा थरथरल्या, कारण हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून तो पस्तीस वर्षं थांबला होता. "तो चार अक्षरांचा. वैमानिकांसाठी, हवामानवाल्यांसाठी. पहिलं अक्षर सांगतं जगाचा कुठला कोपरा, दुसरं सांगतं देश, उरलेली दोन सांगतात नेमकी कुठली धावपट्टी. आपल्याकडे सगळ्यांची सुरुवात एल-जीने. तो जुन्या जमिनीचा जुन्याच जमिनीपाशी राहिला, नव्याला नवा मिळाला. पण तीन अक्षरं गावाची. बॅगेला जमिनीशी काय देणंघेणं? तिला गावाला जायचंय. माझी हाडं आहेत तिथेच राहतील. नाव पुढे जाईल."

कॉफीवाल्याने चमचा उचलला, पुसला, आणि हळूच म्हणाला, "पण तो जुना विमानतळ खरोखर बंद झाला होता. तू कुठे बंद आहेस? तू तर टेबलावर उभा आहेस. तेही बुटांसकट."

"मग मीही बंद होतो."

"म्हणजे कसा?"

"तू म्हणशील तसा."

कॉफीवाल्याचे डोळे बारीक झाले. बावीस वर्षांची वसुली समोर चालून आली होती. "बंद धावपट्टीवर काय रंगवतात रे, सोझ्या?"

"फुली. मोठी पांढरी."

"तर तुझ्या पाठीवर फुली. संताच्या जत्रेत, सगळ्या बेटासमोर. बंद विमानतळावर काही उतरत नाही, म्हणून तुला इथे कॉफीही उतरणार नाही. आणि बंद विमानतळ वहीवर सही करत नाही. वही माझ्याकडे."

वहीचं नाव निघाल्यावर सामानवाल्याचा चेहरा पडला. बाकी सगळं त्याने सोसलं असतं. पण वहीच्या दुसऱ्या ओळीत पेन्सिलीचे दोन शब्द होते, आणि ते आता दुसऱ्याच्या हातात जाणार होते. तो टेबलावरून उतरला, काखेतली वही काढली आणि भावापुढे ठेवली. "झालो बंद," तो म्हणाला, आणि कॉफी न पिता घरी गेला. त्याच्या मागे दुकानात कुणीच हसलं नाही याचं कॉफीवाल्याला फार वाईट वाटलं. हशा होणार हे धरूनच त्याने सगळं ठरवलं होतं.

सात सप्टेंबरला सकाळच्या विमानाने अर्गिरो, पेरिक्लिस, दोन मुलं आणि धर्ममाता उतरले. सामानवाल्याने बॅगा उतरवल्या, बाबागाडी उतरवली आणि नातवाकडे बघून इतका खोटा आवाज काढला की पोर घाबरून रडलं. त्याच्या काळ्या कोटाच्या पाठीवर खडूने हातभर फुली काढलेली होती.

"बाबा, तुमच्या पाठीवर काय आहे हे?"

"काही नाही गं. बंद आहे मी."

पेरिक्लिसने बायकोकडे पाहिलं. बायकोने 'नंतर सांगते' असा हात केला. नंतर तिलाही नीट सांगता आलं नाही.

चर्चमध्ये पाद्रीबाबांनी पोराला तेल लावलं. धर्ममाता पुढे झाली. इथे रीत अशी की नाव धर्ममाता उच्चारते, आणि तिच्या तोंडून निघेल ते कायमचं. घरात काहीही ठरलेलं असो, त्या क्षणी ती राणी. सामानवाला दाराशी उभा होता, कारण फुली घेऊन पुढे उभं राहायला पाद्रीबाबांनी मनाई केली होती. धर्ममातेने श्वास घेतला. मग खोकली. मग रुमाल शोधला. सामानवाल्याने दाराची कडी इतकी घट्ट धरली की ती निघून हातात आली.

"सोझोस!" धर्ममाता म्हणाली.

पोराला तीन वेळा पाण्यात बुडवलं, त्याने तिन्ही वेळा आकाशपाताळ एक केलं, आणि दाराशी त्याचा आजोबा कडी छातीशी धरून हमसून हमसून रडला. बाहेर आल्यावर त्याने खिशातून बॅगेची एक कोरी चिठ्ठी काढली, तिच्यावर मोठ्या अक्षरांत एस-ओ-झेड लिहिलं आणि बाबागाडीच्या दांड्याला बांधली. जत्रेत लोक येऊन चिठ्ठी वाचायचे, पोराला बघायचे, मग आजोबाच्या पाठीकडे बघायचे आणि पुढे सरकायचे. तो नाचलाही नाही. बंद माणसाने नाचावं की नाही याबद्दल नियम नव्हता, आणि आता नियम करणं त्याच्या हातात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाय सवयीने कॉफीच्या दुकानाकडे वळले. आत गेल्यावर त्याला आठवलं की आपल्याला इथे काही उतरणार नाही. पण परत फिरलं तर आणखीच हसं होईल, म्हणून तो कोपऱ्यातल्या टेबलावर जाऊन बसला. कोट तोच, फुली अर्धी पुसलेली. वही गल्ल्याशेजारी उघडी पडली होती, तिच्यावर कॉफीचा एक डागही पडला होता. त्याला तो डाग बघवेना.

कॉफीवाला नेहमीसारखा ओरडत होता. "एस-एच-वाय, गोड! एस-डब्ल्यू-ओ, मध्यम! के-क्यू-एस, मध्यम," हा त्याचा स्वतःचा कप होता, तो त्याने स्वतःच उचलला. वहीच्या उघड्या पानाशी खोडरबराचा चुरा पडलेला होता. दाराशी यादीतल्या तीन पेलागिया टोपल्या घेऊन उभ्या होत्या, आणि आश्चर्य म्हणजे त्या भांडत नव्हत्या. कॉफीवाल्याने आणखी एक कप भरला, गल्ल्यावर ठेवला, भावाकडे पाठ फिरवली आणि ओरडला,

"पी-ई-एल, बिनसाखरेची!"

कुणी उठलं नाही. नऊ वर्षांत त्या दुकानात ही हाक कुणी ऐकली नव्हती. सामानवाल्याने दाराकडे पाहिलं. खरोखर पाहिलं, ती टोपली घेऊन आत येईल असं. मग त्याच्या लक्षात आलं की सगळे त्याच्याकडे बघतायत.

"अरे पी-ई-एल!" कॉफीवाला पाठमोराच खेकसला. "बहिरा झालास का? दुरुस्ती संपली तुझी! कॉफी गार होतेय!"

सामानवाला उठला, कोट झटकला आणि जाऊन कप घेतला. कॉफी अतिशय कडू होती. तो ती उभ्या उभ्या दोन घोटांत प्यायला.